आतला वण राहू द्या, आधी बाहेरचा डाग बघा

पत्र (थोडक्यात)

नमस्कार डॉक्टर. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. गेल्या दहीहंडीला चौथ्या थरावरून पाठीवर पडला. डी-११ मणका फुटला, ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू घातले. आता नऊ महिने झाले, कमरेखाली हालचाल नाही आणि काही कळतही नाही. पडण्याआधी तो एका सीएच्या ऑफिसात कामाला होता. आम्ही काळाचौकीला चाळीत राहतो. एका सेंटरमध्ये त्याचा एमआरआय दाखवला. ते म्हणाले, मज्जारज्जूत ताऱ्याच्या आकाराच्या पेशींनी वण तयार केलाय, तो आडवा आल्यामुळे मेंदूचा निरोप खाली पोचत नाही. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, काढून कमरेतून सोडल्या की वण विरघळतो. तीन इंजेक्शनं, साडेसहा लाख. लिव्हरमध्येही अशाच ताऱ्यासारख्या पेशी असतात आणि लिव्हरचा वण भरून येतो, मग पाठीचा का नाही, असं त्यांनी समजावलं. भावाचा पाय मधूनच उडतो, ती नसा जिवंत असल्याची खूण आहे म्हणाले. मंडळाच्या मुलांनी दोन लाख जमवलेत. बाकीच्यासाठी आई गावची जमीन विकायला निघाली आहे. भाऊ काहीच बोलत नाही. हा वण खरंच काढता येतो का?

ता. क. – माकडहाडावर रुपयाएवढा लालसर डाग आलाय. पावडर लावते आणि बसायला रबरी रिंग आणली आहे.

– एक बहीण, काळाचौकी

उत्तर

ताई,

वणाबद्दल सविस्तर लिहिणार आहे. पण ताजा कलममध्ये तुम्ही जे दोन ओळींत उरकलंत ते आधी घेते, कारण ते आठवडाभरसुद्धा थांबणार नाही.

तो डाग बोटाने दाबून बघा. दाबल्यावर क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला, तर तिथलं रक्त अजून फिरतंय. दाबूनही रंग तसाच राहिला, तर ही बेडसोरची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली नेहमी नीट दिसत नाही. तेव्हा डाग आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळट वाटतो का, हाताला गरम लागतो का, खालचं मांस कडक झालंय का, तेही बघा. यातलं काहीही असलं तरी आजपासून त्या जागेवर भार पडता कामा नये. म्हणजे उताणं झोपवणं बंद आणि खुर्चीत घसरून रेलून बसणंही बंद. डावी कूस, उजवी कूस, आणि सर्जनने परवानगी दिली असेल तर पोटावर. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं करू नका, नाहीतर सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं ठेवा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि टाचा अधांतरी राहतील अशी एक पोटऱ्यांखाली.

पावडर नको. या मे महिन्यात घामाने तिचा लगदा होतो आणि कातडी घासली जाते. डाग चोळू नका, तेल लावून तर मुळीच नको. खालच्या दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांना त्याने आणखी इजा होते. आणि ती रबरी रिंग आजच काढून टाका. मधला भाग मोकळा राहतो म्हणून ती चांगली वाटते, पण तिची कड चहूबाजूंनी दाबते आणि मधल्या कातडीला जाणारं रक्त आवळलं जातं. अशी रिंग मी घराघरांत बघते. प्रेमाने आणलेली असते आणि जखम वाढवते. गादीवर रेक्झिनचं किंवा प्लॅस्टिकचं कापड थेट अंगाखाली असेल तर त्यावर सुती चादर घाला आणि ओली झाली की लगेच बदला.

दोन-तीन दिवसांत डाग मावळला नाही किंवा कातडी सोलली, फोड आला, तर केईएम किंवा सायनच्या प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. काळी खपली, वास, पू किंवा ताप आला तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

मी इतकी मागे लागतेय त्याचं कारण सांगते. खोल बेडसोर बऱ्याचदा हाडाजवळ सुरू होतो आणि बाहेर येतो. वर रुपयाएवढा दिसणारा डाग आत त्याहून मोठा असू शकतो. तुम्हाआम्हाला एका जागी बसून अवघडलं की आपण नकळत सरकतो. भावाला त्या जागेचं काही कळतच नाही, म्हणून तो सरकत नाही. खोल जखम झाली तर महिनोन्‌महिने पालथं पडून राहावं लागतं, कधी मांस-कातडी सरकवून लावायचं ऑपरेशन करावं लागतं. आणि भरून आलेली कातडी पूर्वीसारखी होत नाही. जखमेत आधी रक्त गोठतं, मग सफाई करणाऱ्या पेशी येतात, मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजनचे धागे टाकतात. ते धागे घट्ट व्हायला वर्षभर किंवा जास्त लागतं, आणि तेव्हाही त्या वणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांवरच थांबते. एकदा फाटलेली जागा पुन्हा फाटण्याचा धोका कायम राहतो. म्हणून पहिला डाग हीच खरी वेळ आहे.

आता पाठीतल्या वणाकडे येते. त्या सेंटरने सांगितलेल्यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं.

मेंदूत आणि मज्जारज्जूत निरोप नेणाऱ्या पेशींच्या जोडीला आधार देणाऱ्या पेशी असतात. त्यांतल्या एका जातीला अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात. हंगेरीचे शरीररचनाशास्त्रज्ञ लेनहोसेक यांनी १८९० च्या दशकात हे नाव दिलं. १९१३ मध्ये स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी सोन्याचा क्षार वापरून त्या रंगवायची रीत काढली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या-जांभळ्या चांदण्या स्पष्ट दिसू लागल्या. पण त्या रंगात दिसतो तो पेशीचा सांगाडाच. अख्खी पेशी रंगवली तर तिच्या फांद्यांना इतक्या बारीक फांद्या फुटलेल्या दिसतात की मध्ये मोकळी जागाच उरत नाही. प्रत्येक अ‍ॅस्ट्रोसाइटची आपली हद्द असते. शेजारणीच्या हद्दीत ती जेमतेम काठापुरती शिरते. मानवी मेंदूत एकीच्या हद्दीत नसांच्या २० लाखांपर्यंत जोडण्या येतात असा अंदाज आहे. नसांनी काम करताना बाहेर टाकलेलं पोटॅशियम आणि ग्लुटामेट ती उचलते, रक्तवाहिन्यांवर पाय रोवून रक्तातलं आत काय जावं यावर पहारा ठेवायला मदत करते, नसांना इंधन पुरवते. दिवसरात्र चाललेलं काम आहे हे.

भाऊ पडला तेव्हा मणक्याचं हाड आत घुसून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू चेंगरला. त्या क्षणी निरोप नेणारे नसांचे काही धागे तुटले. पण नुकसान तिथेच थांबत नाही. पुढचे कित्येक तास आणि दिवस आत रक्त पसरतं, सूज येते, ग्लुटामेटचा पूर येऊन धडधाकट पेशीही मरतात, रक्तातल्या दाहक पेशी आत शिरतात आणि सफाई करता करता चांगल्या भागालाही इजा करतात. अशा वेळी जखमेच्या काठावरच्या अ‍ॅस्ट्रोसाइट आपल्या हद्दी सोडतात. त्यांची संख्या वाढते, त्या लांबट होतात आणि एकमेकींत गुंतून जखमेभोवती कडं करतात. तुम्ही हंडीच्या ठिकाणी पाहिलं असेल, गोविंदा पडला की पथकाची मुलं हात गुंफून त्याच्याभोवती कडं धरतात आणि गर्दी मागे रेटतात. त्या पेशींनी तेच केलं. आतला दाह आत कोंडला आणि बाहेरचा चांगला मज्जारज्जू वाचवला.

हे नुसतं समजुतीसाठी सांगत नाहीये. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल सोफ्रोनिव्ह यांच्या गटाने हे उंदरांवर तपासलं. २००४ साली त्यांनी असे उंदीर वापरले ज्यांच्यात जखमेनंतर वाढणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट मारून टाकता येत होत्या. कडं झालंच नाही. परिणाम काय, तर दाह दूरवर पसरला, जास्त नसा मेल्या आणि उंदरांचे पाय जास्त लुळे पडले. २०१६ साली याच गटाने पुढचा प्रश्न विचारला: वण होऊच दिला नाही किंवा झाल्यावर काढला, तर तुटलेले धागे आपोआप वाढतात का? नाही वाढले. उलट, वण जागेवर ठेवून धाग्यांना वाढीची योग्य द्रव्यं दिली, तेव्हा काही धागे त्या वणातून पार वाढत गेले. वण नसलेल्या उंदरांत तीच द्रव्यं देऊन तितकी वाढ झाली नाही.

वण अडथळा करतो हेही खोटं नाही. त्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेट जोडलेली काही प्रथिनं साठतात, आणि वाढू पाहणारा धागा त्यांच्यापाशी अडतो. २००२ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी एका जिवाणूपासून मिळणारं, ही प्रथिनं तोडणारं एन्झाइम उंदरांच्या जखमेत सोडलं आणि त्यांच्या हालचालीत सुधारणा झाली. त्या बातमीने आमच्या क्षेत्रात सगळ्यांनाच आशा वाटली, मलाही वाटली. पण त्यातून माणसांसाठी मान्यता मिळालेलं औषध आजवर निघालेलं नाही. आणि अडवणारा हा वण एकटा नाही. मोठ्या माणसाच्या मज्जारज्जूतल्या धाग्यांची वाढायची मूळ ताकदच कमी झालेली असते. नसांवरच्या मायलिनच्या वेष्टनात वाढ रोखणारी द्रव्यं असतात, हे झ्युरिकच्या मार्टिन श्वाब यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. जखमेच्या मध्यभागी तर बऱ्याचदा पाण्याची पोकळी उरते. समजा उद्या तो वण कोणी नेमका पुसला, तरी धाग्याला ती पोकळी ओलांडून खाली योग्य पेशी शोधायची आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही. आज माणसाच्या मज्जारज्जूतला हा वण काढून चालायला लावणारा सिद्ध झालेला उपचार जगात कुठेही नाही, मुंबईतही नाही. शिवाय एमआरआयवर पेशी दिसत नाहीत. जखम, पोकळी, बारीक झालेला रज्जू एवढंच दिसतं, आणि रॉड-स्क्रूच्या धातूमुळे तेही कधी धूसर होतं. 'ताऱ्यांची भिंत एमआरआयवर दिसतेय' असं कोणी बोट ठेवून दाखवत असेल, तर ते खरं नाही.

लिव्हरचं उदाहरण त्यांनी हुशारीने दिलंय. लिव्हरमध्ये ताऱ्यासारख्या पेशी असतात, हे अगदी खरं. जर्मनीचे कुप्फर यांनी १८७६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्या एरवी जीवनसत्त्व 'अ' साठवतात. दारूने किंवा हिपॅटायटिसने लिव्हरला वारंवार इजा झाली की त्या रूप बदलतात, कोलॅजन टाकू लागतात, आणि त्यातून फायब्रोसिस (लिव्हरमध्ये वण साठणं), पुढे सिरॉसिस (लिव्हर कडक होणं) होतो. दारू सुटली किंवा हिपॅटायटिस सीचा विषाणू औषधाने गेला, तर तो वण काही प्रमाणात ओसरतोही. पण तिथे रोज होणारी इजा थांबते, म्हणून वण ओसरतो. आणि लिव्हरच्या पेशी नव्याने तयार होतात. मज्जारज्जूत इजा एकदाच झाली आणि तुटलेल्या नसा तशा उगवत नाहीत. दोन्हींचा आकार तेवढा सारखा, बाकी घराणं वेगळं, काम वेगळं. एकीचा वण ओसरतो म्हणून दुसरीचा ओसरेल, असं म्हणायला आधार नाही.

पाय उडण्याचंही सांगते, कारण त्यावर घरात बरीच आशा बांधली गेली असणार. जखमेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत असतो. तो वरच्या हुकमाशिवाय आपला आपण पाय झटकतो. याला स्पॅझम म्हणतात, आणि त्याचा अर्थ मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचला असा होत नाही. मात्र तो एका बाबतीत उपयोगी आहे. भावाला दुखत नाही, पण शरीर पायातून तक्रार करतं. पाय अचानक नेहमीपेक्षा जास्त उडू लागला तर लघवीत जंतू झालेत का, पोट साफ नाही का, कुठे जखम होतेय का, ते बघायचं. गेल्या काही दिवसांत पाय जास्त उडतोय का, हे आठवून बघा.

स्टेम सेलबद्दल नियम स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा रुग्णांवरचा वापर संशोधन समजला जातो. तो मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करायचा असतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून सेंटरला दोनच गोष्टी लेखी मागा: क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडियाचा नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा कागद. ही रजिस्ट्री इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे, क्रमांक घालून तुम्ही स्वतः तपासू शकता. साडेसहा लाखांचं कोटेशन हातात असताना हे कागद निघतील असं मला वाटत नाही.

'करून बघू, तोटा तर नाही ना,' असं आई म्हणेल. तोटा आहे. कमरेतून सुई घातली की मेंदूज्वराचा धोका येतो. परदेशात मज्जारज्जूची दुखापत झालेल्या एका तरुणीच्या पाठीत नाकातल्या अस्तराच्या पेशी सोडल्या होत्या. आठ वर्षांनी तिथे गाठ वाढलेली सापडली, आत चिकट स्राव भरलेली, आणि ती काढायला ऑपरेशन करावं लागलं. २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ही नोंद छापून आली. त्या पेशी वेगळ्या होत्या, चरबीतल्या नव्हत्या, पण शरीरात सोडलेली जिवंत पेशी परत काढून घेता येत नाही, हे सगळ्यांनाच लागू आहे. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. पुढे खरोखरची चांगली चाचणी सुरू झाली, तर आधी अशी इंजेक्शनं घेतलेल्यांना बऱ्याचदा त्यात घेत नाहीत.

कारण संशोधन थांबलेलं नाही. मज्जारज्जूवर विजेचा हलका उत्तेजक बसवून स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने २०१८ मध्ये काही निवडक रुग्णांना आधाराने पावलं टाकायला लावली. त्यात वण कोणी काढला नव्हता. जखमेच्या काठाने जे थोडे धागे वाचले होते त्यांचाच उपयोग केला. म्हणजे त्या कड्याने जे राखलं, तेच कामी आलं. अशी काही संधी भावाच्या आयुष्यात आली, तर तेव्हा त्याची कातडी, मूत्रपिंडं, सांधे आणि हाडं धड असायला हवीत. तोवर पायांत ताकद परत येण्याबद्दल खोटा धीर मी देणार नाही. जी सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा-नऊ महिन्यांत दिसते. पुढे कधी थोडी होते, फार नाही.

जमीन विकू नका, ताई. आईला हे पत्र वाचून दाखवा आणि माझं नाव सांगा, रागवायचं तर माझ्यावर रागवू दे.

मंडळाच्या दोन लाखांचं मात्र सोनं करता येईल. मुलांना बोलावून स्पष्ट सांगा की इंजेक्शन होणार नाही, पैसे कशाला लागतील ते हे. त्याच्या मापाची व्हीलचेअर. रुग्णालयात मिळते तसली जड, रुंद सीटची नको, त्यात माणूस एका बाजूला कलतो आणि जखमा होतात. चांगली उशी, हवेची किंवा जेलची, तज्ज्ञाने बसवून बघून निवडलेली. हवा भरत-सोडत राहणारी गादी. ती असली तरी कूस बदलायचीच. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला आणि दार अरुंद असणार, तेव्हा चाकांची कमोड खुर्ची लागेल, ती दाराचं माप घेऊन मगच आणा. उंबऱ्याला लाकडी उतार मुलंच करून देतील. रात्री दोन वाजता कूस बदलायला तुमच्याऐवजी कोणी आठवड्यातून दोन रात्री येऊ शकेल का, हेही विचारा. तुम्हालाही झोपेची गरज आहे. आणि पथकाचा त्या वर्षी विमा काढला होता का, दावा दाखल झाला का, तेही त्यांनाच विचारा.

तुम्ही पत्रात लघवीबद्दल काहीच लिहिलं नाही. कायमची नळी असेल तर ती काढून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळीने लघवी काढायची पद्धत शिकता येते. त्याचे हात चांगले आहेत, तो स्वतः करू शकेल. जंतू कमी होतात, मूत्रपिंडं वाचतात आणि बाहेर पडता येतं. वर्षातून एकदा तरी मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यायची.

हे सगळं एका छताखाली बघणारी जागा आपल्याकडे आहे: हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, केंद्र सरकारची, १९५५ पासूनची. व्हीलचेअरचं माप, उशी, लघवीचं प्रशिक्षण, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार), अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं मार्गदर्शन, सगळं तिथे विचारा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर ते कामही आता हातावेगळं करा. मुंबईत नीना फाउंडेशन ही पाठीच्या दुखापतीच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था आहे. तिथे भावाला त्याच्यासारखी, पण दहा-पंधरा वर्षं व्हीलचेअरवर काढलेली माणसं भेटतील. ती त्याला जे सांगतील ते मी सांगू शकत नाही.

हे नुसतं सांभाळणं आहे, उपचार नव्हे, असं वाटत असेल तर लुडविग गुटमन यांचं काम सांगते. १९४४ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला पाठीला दुखापत झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. तोवर असे जखमी बहुतेक बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने मरत, बरेचसे काही महिन्यांतच. गुटमन यांनी पाठीतल्या जखमेला हात लावला नाही. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येकाची कूस बदलायचा नियम केला, लघवीची काळजी घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि हाताला काम दिलं. माणसं जगू लागली. १९४८ मध्ये त्यांनी त्या रुग्णालयाच्या आवारात खुर्चीवरच्या धनुर्धरांची स्पर्धा भरवली, त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय लुळे पडलेले, १९७२ च्या हायडेलबर्गच्या स्पर्धेत पोहण्याचं सुवर्णपदक जिंकले. भावाने पदक आणावं असं मी म्हणत नाही. त्याने परत सीएच्या ऑफिसात जावं, किंवा घरी बसून तेच काम करावं, एवढं मला नक्की शक्य दिसतं. हिशेबाला पाय लागत नाहीत. त्याच्या साहेबांना एकदा फोन करा.

राहिलं त्याचं गप्प राहणं. नऊ महिने त्याच्याबद्दल सगळे बोलताहेत: डॉक्टर, मंडळ, आई, तुम्ही, आता मीही. निर्णय त्याच्या शरीराचा आहे आणि तो सज्ञान आहे. २६ वर्षांच्या मुलाच्या मनात लग्नाचे, शरीरसंबंधांचे, मूल होईल का याचे प्रश्न असतात. ते तो बहिणीला विचारणार नाही, आईला तर नाहीच. या प्रश्नांवर उपचार आहेत, पुष्कळ काही करता येतं, पण ते त्याला डॉक्टरांकडूनच कळायला हवं. हाजी अलीला गेलात की त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं तो एकदा जरी म्हणाला असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तशी भाषा त्याच्या तोंडी आली तर मात्र त्याला एकटं ठेवू नका.

मी इथे जे लिहिलंय ते सगळं त्यालाही वाचायला द्या, आकड्यांसकट, काही गाळू नका. सेंटरला काय कळवायचं ते मग तोच सांगेल.